मदत हवी आहे: 2016 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय घेऊ की सोडून देऊ?

नमस्कार मंडळी. कॉलेजात असल्यापासून ही गाडी डोक्यात बसली आहे. आता पुण्यात एक सापडली: एमएच-12 पासिंग, दुसरा मालक, 68,000 किलोमीटर, मागणी साडेपाच लाख. 1.2 लिटर टर्बो, 105 पीएस, 7 गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). कात्रजच्या चढावर चालवून पाहिली. टर्बोची ओढ लागली तेव्हा अंगावर काटाच आला, खरं सांगतो.

पण बॉनेट उघडल्यावर मन थोडं खट्टू झालं. मूळ एअर फिल्टरच्या जागी बाहेरून घेतलेला कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर, आणि डाव्या फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) बोल्टांचा रंग पान्याने खरवडलेला, म्हणजे तो कधीतरी काढला असावा. मालक म्हणतात, फक्त ओरखडा होता. रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलणं) केलंय का विचारलं तर नीट उत्तर नाही. सर्व्हिसची बिलंही 2021 पर्यंतचीच आहेत.

खरी धास्ती आहे ती गिअरबॉक्सची. याचे दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले, शहरातल्या रांगण्याने तापतात, आणि मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं नियंत्रण युनिट) गेलं तर खर्च मोठा. माझं ऑफिस हिंजवडीत, म्हणजे रोजची कोंडी ठरलेली. 2020 नंतरच्या 1.0 टीएसआयला असे कोरडे क्लच नसलेला साधा 6 गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे, पण ती माझ्या बजेटबाहेर जाते.

कुणी ही गाडी लाख किलोमीटरच्या पुढे चालवली आहे का? क्लच किती उरलाय आणि रीमॅप झालंय का, हे स्कॅनरवर कळतं का? पुण्यात डीएसजी खरोखर जाणणारा मेकॅनिक माहीत असेल तर कृपया सांगा. रविवारपर्यंत टोकन द्यायचं की नाही ते ठरवायचं आहे.