एज ऑफ एम्पायर्स २ : ढिलाई टाऊन सेंटरमध्येच असते

एज ऑफ एम्पायर्स २ या संगणकावरच्या युद्धखेळाबद्दल एका खेळाडूची तक्रार आहे : 'बाराव्या मिनिटाला हल्ला येतो तेव्हा माझं सैन्यच तयार नसतं'. दोष सैन्याचा नाही, टाऊन सेंटर (गावकरी तयार करणारी मुख्य इमारत) अधूनमधून रिकामं बसतं.

एक गावकरी 25 सेकंदांत तयार होतो, 50 अन्न लागतं. सुरुवातीच्या 200 अन्नात चार गावकरी लगेच रांगेत लावा. पण 5 लोकांच्या मर्यादेत 4 आधीच आहेत (3 गावकरी आणि एक टेहळ्या), म्हणून पहिल्याच क्षणी दोन गावकऱ्यांना घर बांधायला लावा. घराअभावी रांग अडते, बहुतेकांचं इथेच बिनसतं. खंड न पडता 3 चे 21 गावकरी साडेसात मिनिटांत होतात.

पहिले सहा जण मेंढ्यांवर, पुढचे चार लाकडावर. मेंढी टाऊन सेंटरला अगदी खेटून आणि एका वेळी एकच मारा. मेलेल्या मेंढीचं मांस सडत जातं. रानडुक्कर मात्र सोडू नका! एका डुकरात 340 अन्न, मेंढीत फक्त 100. गावकऱ्याचा बाण लागला की ते त्याच्या मागे धावतं. त्याला सरळ टाऊन सेंटरमध्ये शिरवा आणि मेंढीवरच्यांना डुकरावर सोडा. दुसऱ्या डुकरासाठी ताजा गावकरी पाठवा, जखमी हमखास मरतो. त्याआधी 50 सोन्याचं लूम (गावकऱ्यांना चिवट करणारी सुधारणा) घेतलं तर आणखी निर्धास्त.

फ्यूडलला (पुढच्या युगात जायला) 500 अन्न आणि 130 सेकंद लागतात. तेवढ्यात गावकरी निघत नाहीत, म्हणून तेव्हाच बॅरॅक्स (सैनिक तयार करणारी इमारत) उभारून घ्या.