लशीच्या रील काढून टाकाव्यात का?

दापोलीकर : आमच्याकडच्या वाड्यांत सध्या एक रील फिरते आहे : रडून लालबुंद झालेले बाळ, मांडीवर सुजलेली गाठ आणि खाली एकच ओळ, 'हे तुम्हाला कोणी सांगितले होते का?' दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी देतात त्या पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरच्या एकत्रित) लशीनंतर ताप येणे, टोचलेली जागा सुजणे हे नेहमीचे असून बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते, ही माहिती तीत कुठेच नाही. अशा रील समाजमाध्यमांनी सरळ काढून टाकाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

हर्णैकर : मला हे पटत नाही, कारण रीलमधला प्रश्न रास्त आहे. लस कोणती व कशासाठी, त्रास झाल्यास काय करावे, पुढची तारीख कोणती आणि कार्ड जपून ठेवावे, हे चार निरोप लसीकरणाच्या वेळी प्रत्येक पालकाला देणे अपेक्षित असते. पण गर्दीच्या दिवशी पुष्कळदा कार्डावर तारीख लिहून पुढच्या बाळाला हाक मारली जाते. नवरा ट्रॉलरवर गेलेला, घरात बाळ फणफणलेले, अशा रात्री त्या आईला पहिले उत्तर मोबाइलवर मिळत असेल, तर रील काढून तिची भीती कशी जाईल?

दापोलीकर : प्रश्न रास्त आहे, हे मान्य. परंतु अशा रील टाकणारी हीच खाती तापावरून थेट स्वमग्नतेवर (ऑटिझमवर) जातात. गोवराच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा 1998 चा लेख अवघ्या 12 मुलांवर बेतलेला होता आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने तो 2010 मध्ये मागे घेतला. तरीही तोच दावा आज मराठीत, संगीत लावून, ऐकवला जातो. गोवर रोखायला सुमारे 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. 2022 मध्ये मुंबईत गोवराच्या उद्रेकात मुले दगावली, आणि गणपतीला त्याच मुंबईतून चाकरमानी लेकरांसह आपल्या घरी येतात. इथे मतस्वातंत्र्याचा मुद्दा मला गौण वाटतो.

मालवणकर : काढलेली रील व्हॉट्सॲपवर येतेच, हा अनुभव आहे. लस टोचणाऱ्या सिस्टरनेच 'ताप इलो तर घाबरू नको, आकडी इली तर मात्र लगेच घेऊन ये' असे मालवणीत सांगितलेली रील गावच्या गटात टाकावी.

दापोलीकर : ती जरूर टाकावी. स्वमग्नतेच्या खोट्या दाव्याची तक्रार मात्र मी करणारच.

हर्णैकर : त्या दाव्यापुरती करा. तापाच्या रीलखाली आपण उत्तर लिहू.