मदत हवी आहे: १९७१ साली कॉव्हेंट्रीजवळून विकली गेलेली जुनी नॅरोबोट शोधायची आहे

नमस्कार.

माझे थोरले मामा गेल्या वर्षी नाशिकला वारले. त्यांच्या ट्रंकेत आजीच्या नावे इंग्लंडहून पाठवलेली पत्रे आणि चार छायाचित्रे निघाली. १९६८ ते १९७२ या काळात मामा कॉव्हेंट्रीत एका यंत्रकारखान्यात फिटर होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. पण त्यांतले जवळजवळ दीड वर्ष ते कालव्यातल्या एका जुन्या मालवाहू नावेवर राहत होते, हे आजीखेरीज कुणालाच माहीत नव्हते. ती नाव पुढे कुठे गेली आणि आज ती पाण्यावर आहे का, हे मला शोधायचे आहे. मी इंग्लंडमधील रग्बी या गावी राहते, त्यामुळे प्रत्यक्ष जाऊन पाहणे मला शक्य आहे. कुठे जाऊन काय विचारावे, याबाबत मात्र मार्गदर्शन हवे आहे.

मुख्य अडचण अशी की नावेचे नावच आम्हाला ठाऊक नाही. पहिल्याच पत्रात मामांनी लिहिले आहे की, ‘पाटीवरचे इंग्रजी नाव तुला म्हणता यायचे नाही, म्हणून मी तिला गोदा म्हणतो.’ त्यानंतर दीड वर्षाच्या सगळ्या पत्रांत ती गोदाच आहे. चारपैकी एका छायाचित्रात केबिनच्या बाजूवर रंगवलेले नाव आले आहे खरे, पण मामा नेमके त्याच्यासमोर उभे आहेत आणि त्यांच्या उजव्या खांद्यापलीकडे इंग्रजीतली शेवटची तीन अक्षरे तेवढी दिसतात: टी, ओ, एन. म्हणजे नाव ‘-टन’ने संपते.

ज्यांनी अशी नाव पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. इंग्लंडच्या मध्यभागातील जुन्या कालव्यांची लॉक (नावेला वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे, दोन्हीकडे दरवाजे असलेले हौद) जेमतेम ७ फूट रुंद आणि सुमारे ७२ फूट लांब असल्याने त्या मापात बसणारी मालवाहू नाव म्हणजे नॅरोबोट. पुढे इंजिनाची ‘मोटार’ आणि मागे तिने ओढलेली बिनइंजिनाची ‘बट्टी’ अशी जोडी चाले, आणि मागच्या बाजूच्या १० फुटांच्या आतबाहेर लांबीच्या केबिनमध्ये अख्खे कुटुंब राहत असे. मामांची नाव मोटार होती, कारण पत्रांत इंजिनाचे वर्णन पानोपानी आहे.

आता हाती असलेले धागेदोरे. मामांनी १९७०च्या उन्हाळ्यात केबिनचा बाहेरचा रंग खरवडला, तेव्हा हिरव्या रंगाखाली पिवळा आणि निळा रंग निघाला, असे ते लिहितात. १ जानेवारी १९४८ रोजी कालव्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर सरकारी ताफ्यातील नावांना पिवळा-निळा रंग दिला जात असे. म्हणजे ही नाव १९४८ नंतर सरकारी ताफ्यात माल वाहत होती, एवढे नक्की धरता येते. तो ताफा १९६३मध्ये जवळपास मोडीत निघाला, आणि त्यानंतर अशा नावा खासगी लोकांना विकल्या गेल्या. मामांच्या कारखान्यातील एका सहकाऱ्याने ही नाव अशीच घेतली होती. मामा त्याला निम्मे भाडे देत आणि इंजिनाची देखभाल करीत.

इंजिन रसेल न्यूबरीचे, दोन सिलिंडरचे डिझेल होते. हे महत्त्वाचे वाटते, कारण १९३०च्या दशकात ग्रँड युनियन कॅनॉल कॅरिइंग कंपनीने बांधून घेतलेल्या अनेक मोटारींत हेच इंजिन बसवलेले होते. त्या कंपनीने एका पाठोपाठ एक मोठ्या ऑर्डरी देऊन पोलादी नावा बांधून घेतल्या: काही नॉर्थविचच्या यारवूड यांच्या गोदीत, तर काही हारलँड अँड वुल्फ यांच्या लंडनमधील नॉर्थ वुलिच येथील गोदीत. (टायटॅनिक बांधणारी कंपनी तीच, फक्त ती गोदी बेलफास्टची.) त्यांतल्या एका गटाला ताऱ्या-नक्षत्रांची नावे दिली होती, तर त्यानंतरच्या, बाजूंनी अधिक खोल असलेल्या गटाला ब्रिटनमधील गावांची, त्याला जाणकार ‘टाउन क्लास’ म्हणतात. इंग्लंडमध्ये ‘-टन’ने संपणारी गावे पुष्कळ असल्यामुळे मामांची नाव टाउन क्लासमधील असावी, असा माझा कयास आहे. केबिनच्या उंचीवरूनही तसेच वाटते: मामांची उंची ५ फूट ७ इंच होती आणि छायाचित्रात ते काठावरच्या पायवाटेवर उभे असताना केबिनचे छत त्यांच्या छातीला लागते. अर्थात रिकामी नाव पाण्यावर बरीच वर तरंगते, त्यामुळे या मापावर मी फार भिस्त ठेवत नाही. छायाचित्र पाहून, विशेषतः नाळेचा बाक पाहून, ही वुलिचची की नॉर्थविचची हे कुणाला सांगता येईल का?

दुसरा धागा नोंदणीचा आहे. १८७७च्या कॅनॉल बोट्स ॲक्टनुसार ज्या नावेवर माणसे राहतात तिची स्थानिक प्राधिकरणाकडे नोंद करावी लागे. केबिनमध्ये किती माणसांनी झोपायचे तेही त्यावेळी ठरवून दिले जाई, आणि नोंदणीचे ठिकाण व क्रमांक नावेवर रंगवणे बंधनकारक असे. छायाचित्रात नावाच्या बरेच खाली अशी एक बारीक ओळ आहे. भिंगातून पाहिले तर ‘रजिस्टर्ड ॲट’ एवढे वाचता येते, पुढचे गाव पुसट आहे आणि क्रमांक तीन आकडी असून त्यातला पहिला आकडा ५ आहे. या नोंदवह्या आता जिल्ह्या-जिल्ह्यांच्या अभिलेखागारांत विखुरलेल्या आहेत. ज्यांनी त्या प्रत्यक्ष हाताळल्या आहेत त्यांनी कृपया सांगावे की नोंद क्रमांकावरून शोधता येते, की नावेचे नाव आधी लागतेच?

तिसरी शक्यता गेजिंगच्या वह्यांची. मालाच्या वजनावर जकात आकारण्यासाठी प्रत्येक नावेचे माप घेतलेले असे: रिकाम्या नावेत ठरावीक वजने चढवत जायची आणि प्रत्येक टप्प्यावर काठ पाण्याबाहेर किती इंच उरतो ते तक्त्यात लिहायचे, म्हणजे पुढे जकातनाक्यावर नुसती काठी लावून आत किती टन माल आहे ते कळे. अशा वह्या एल्समिअर पोर्ट येथील जलमार्ग संग्रहालयाच्या अभिलेखागारात आहेत. मी तेथे पुढच्या महिन्यात जाण्याचे ठरवले आहे, पण नावाशिवाय गेल्यास दिवस वाया जाईल अशी भीती वाटते.

आता नाव विकली गेल्याची हकिगत, कारण माग तिथेच हरवतो. जानेवारी १९७१च्या दुसऱ्या आठवड्यातील पत्रात गोदा हॉक्सबरी जंक्शनला, म्हणजे नावाड्यांच्या भाषेतील ‘सटन स्टॉप’ला, बांधलेली आहे. ऑक्सफर्ड कालवा कॉव्हेंट्री कालव्याला मिळतो ते हे ठिकाण. त्यानंतर थेट मार्चच्या मध्यापर्यंत एकही पत्र नाही. आधी मला वाटले की मधली पत्रे गहाळ झाली, पण त्या वर्षी जानेवारीच्या २० तारखेपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटनच्या टपाल कर्मचाऱ्यांचा संप होता. पत्रे निघालीच नव्हती. मार्चमधल्या पत्रात मामा कॉव्हेंट्रीत भाड्याच्या खोलीत आहेत आणि गोदा विकली गेली आहे. किंमत त्यांनी नव्या पेन्समध्ये लिहिली आहे, आणि ते चलन १५ फेब्रुवारी १९७१ रोजी सुरू झाले; म्हणून विक्री फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चच्या आरंभी झाली असावी.

त्याच पत्रातली चार वाक्ये जशीच्या तशी देते. ‘घेणारा यॉर्कशायरचा आहे. तिकडची लॉक रुंद आहेत पण आखूड, म्हणून तिला मधून कापून पंधरा फूट कमी करणार म्हणतो. मी त्याला इंजिन ऐकवले, ते त्याला आवडले. कापताना आपण तिथे असू नये, एवढेच वाटते.’

हे वर्णन वस्तुस्थितीला धरून आहे. लीड्स-लिव्हरपूल कालव्याची बरीच लॉक सुमारे ६० फुटांची आणि काल्डर-हेबलची त्याहूनही आखूड असल्याने पूर्ण लांबीची नॅरोबोट तिकडे जाऊच शकत नाही. म्हणजे आज ती असलीच, तर ५५ ते ५८ फुटांची असेल, मालाच्या जागी राहण्याची केबिन चढलेली असेल, नाव बहुधा बदललेले असेल आणि रंगाचा तर प्रश्नच नाही. कापून काढलेल्या पुढच्या भागाला नवा मागचा भाग जोडून त्यातून दुसरी नाव केल्याचीही उदाहरणे आहेत, त्यामुळे एका गोदेच्या दोन झाल्या असण्याचीही शक्यता आहे.

तरीही ओळख पटवणारी एक खूण मामांनी स्वतः करून ठेवली आहे, आणि या सगळ्या खटाटोपात माझा भरवसा तिच्यावरच आहे. १९७०च्या दसऱ्याला त्यांनी इंजिनाची पूजा केली. हळद-कुंकू कारखान्यातील एका गुजराती सहकाऱ्याच्या घरून आणले होते. त्या दिवशी इंजिनाच्या खोलीत, डाव्या अंगाला, पत्र्याला आतून रिबिटांनी जोडलेल्या एका उभ्या अँगलवर (कोनपट्टीवर) त्यांनी स्क्रायबरने, म्हणजे धातूवर रेघा ओढण्याच्या टोकदार हत्याराने, ‘श्री गोदामाई प्रसन्न’ अशी अक्षरे कोरली. पत्रात त्याचे छोटे रेखाचित्रही आहे: वरून तिसऱ्या रिबिटाच्या खाली, अक्षरे अंगठ्याच्या पेराएवढी, ‘श्री’ची वेलांटी रिबिटाला लागलेली. लाकूड कुजते, केबिन बदलतात, पण मागचा पोलादी सांगाडा सहसा तसाच राहतो. ज्या कुणाकडे ही नाव असेल त्याने रंगकाम करताना ही न कळणारी अक्षरे कधी ना कधी पाहिली असतीलच.

माझ्या विनंत्या अशा. यॉर्कशायर-लँकशायरकडील कालव्यांच्या परिसरात राहणाऱ्यांनी आखूड केलेली, रिबिटांची जुनी नॅरोबोट पाहिली असल्यास तिचे आताचे नाव कळवावे. नावेवर परवान्याचा निर्देशांक क्रमांक लावलेला असतो. तोही टिपून घेता आला तर उत्तम. मालकाचे नाव किंवा पत्ता मला नको आहे. माझे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचवता आले तरी पुरे. रसेल न्यूबरी इंजिनांची नोंद ठेवणाऱ्या मंडळींशी कुणाची ओळख असल्यास तीही उपयोगी पडेल, कारण मामांनी इंजिनाचा क्रमांक लिहून ठेवला आहे. फक्त पत्राच्या घडीवर आल्याने त्याचा शेवटचा आकडा ३ की ८ हे लागत नाही. इंजिने बदलली जातात याची मला कल्पना आहे, तरीही विचारून पाहायचे आहे.

भर (दुसऱ्या दिवशी): प्रतिसादांबद्दल सर्वांचे आभार. काही शंकांची उत्तरे इथेच देते. ‘न्यूनीटन’ ही मोटार असण्याची शक्यता दोघांनी सुचवली आहे. पण ती आजही पूर्ण लांबीची आहे आणि ‘ब्रायटन’ या बट्टीसह एका विश्वस्त संस्थेने जपलेली आहे, म्हणून ती नव्हे. हेअरफील्डच्या पाणी भरलेल्या खडीच्या खाणींत सरकारी ताफ्यातील नावा बुडवल्या गेल्या हे खरे आहे, पण ते १९७१च्या आधीचे आहे आणि गोदा तेव्हा सटन स्टॉपला तरंगत होती. नोंदणीच्या ओळीबद्दल ज्यांनी मूळ छायाचित्र तिरप्या उजेडात धरून पाहायला सांगितले त्यांचे विशेष आभार: तसे केल्यावर गावाच्या नावातले पहिले अक्षर इंग्रजी ‘बी’ असल्याचे स्पष्ट दिसले, आणि क्रमांकाचा दुसरा आकडा बहुतेक १ आहे. ‘बी’ने सुरू होणारी आणि अशा नोंदणीचा अधिकार असलेली कालव्याकाठची गावे कोणती, हे कुणी सांगू शकेल का? एल्समिअर पोर्टला जाण्याआधी तेवढे कळले तर मला नेमकी वही मागता येईल.