अभिमान पदयात्रांतला भडकपणा समानतेच्या मार्गात आड येतो का?

वैशाली_सातारा (प्रश्न)

नमस्कार. माझ्या भाच्याने आपण समलिंगी असल्याचे गेल्या वर्षी घरी सांगितले. बहीण आणि मेहुणे आता बऱ्यापैकी सावरले आहेत. माझे वडील, म्हणजे त्याचे आजोबा, निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि त्यांनीही आदळआपट केलेली नाही. त्यांचे म्हणणे एवढेच आहे की नातू तसा असेल तर असो, पण "त्या मिरवणुकीतल्या लोकांसारखा" नसावा. त्यांच्या डोळ्यांसमोर समलिंगींच्या अभिमान पदयात्रांची, म्हणजे प्राइडची, मोबाईलवर आलेली छायाचित्रे आहेत: चमचमते कपडे, पिसांचे मुकुट, गडद रंगवलेले चेहरे आणि उघडी अंगे.

मी त्यांच्याशी वाद घालते खरी, पण एका मुद्द्यावर माझीही पंचाईत होते. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि हा प्रश्न कायदेमंडळाचा असल्याचे सांगितले. म्हणजे यापुढे जे काही मिळवायचे ते लोकप्रतिनिधींची आणि त्यांना मते देणाऱ्या, माझ्या वडिलांसारख्या माणसांची समजूत घालूनच मिळवावे लागणार. असे असताना त्याच माणसांना बिचकवणारे रूप वर्षातून एकदा रस्त्यावर आणण्याने समानतेचे काम पुढे जाते की मागे पडते? ज्यांनी याचा अभ्यास केला आहे किंवा जे स्वतः अशा पदयात्रांत चालले आहेत, त्यांनी कृपया लिहावे.

जुना_वाचक

वैशालीताई, तुमच्या वडिलांची अपेक्षा अमेरिकेतल्या समलिंगी चळवळीने साठ वर्षांपूर्वी स्वतःहून पाळून पाहिली होती, आणि ती कहाणी या प्रश्नाला थेट लागू पडते.

फ्रँक कॅमेनी हे खगोलशास्त्रज्ञ. समलिंगी असल्याच्या कारणावरून त्यांना 1957 मध्ये अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागातल्या नोकरीतून काढून टाकण्यात आले, आणि पुढचे सारे आयुष्य त्यांनी या अन्यायाविरुद्ध लढण्यात घालवले. 1965 पासून पाच वर्षे, दर 4 जुलैला, म्हणजे तिथल्या स्वातंत्र्यदिनी, ते आणि त्यांचे सहकारी फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलसमोर निदर्शने करत असत. पहिल्या वर्षी जेमतेम चाळीस माणसे होती. ऐन उन्हाळ्यात पुरुषांनी कोट-टाय आणि स्त्रियांनी स्कर्ट किंवा झगा घालायचा, फलक धरून शिस्तीने फेऱ्या मारायच्या आणि एकमेकांना स्पर्शही करायचा नाही, असा कडक दंडक होता. त्यामागचा कॅमेनींचा हिशेब सरळ होता: आपण सरकारी नोकरीचा हक्क मागतो आहोत, तर सरकारी नोकरीत शोभण्यासारखेच दिसले पाहिजे.

28 जून 1969 च्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल या दारूच्या गुत्त्यावर पोलिसांची धाड पडली आणि तिथल्या गिऱ्हाइकांनी प्रतिकार केला. त्यानंतर आठवडाभरातच फिलाडेल्फियाची त्या वर्षीची निदर्शने आली. त्या दिवशी दोन तरुणी हातात हात घालून चालू लागल्या आणि कॅमेनींनी पुढे होऊन ते हात सोडवले. न्यूयॉर्कमध्ये पुस्तकांचे दुकान चालवणारा क्रेग रॉडवेल हे पाहून संतापला. नोव्हेंबरमध्ये झालेल्या संघटनांच्या बैठकीत त्याच्या पुढाकाराने ठराव झाला, की यापुढे हा दिवस न्यूयॉर्कमध्ये जूनच्या अखेरीस पाळावा आणि त्यात वयाची किंवा पोशाखाची कोणतीही अट नसावी. 28 जून 1970 ला निघालेला मोर्चा सेंट्रल पार्कला पोहोचेपर्यंत त्यात हजारो माणसे सामील झालेली होती. आज जगभर ज्याला प्राइड म्हणतात त्याची सुरुवात या ठरावापासून झाली, म्हणजे पोशाखाचा वाद या परंपरेच्या जन्माआधीचा आहे.

कॅमेनींना मी बावळट समजत नाही. कोर्टात आणि सरकारी कचेऱ्यांत त्यांनी चिवटपणे केलेल्या कामाचा वाटा मोठा होता. 1975 मध्ये मुलकी नोकऱ्यांतली ती बंदी उठली आणि 2009 मध्ये अमेरिकी सरकारने त्यांची रीतसर माफीही मागितली. मात्र कोट-टायने माणसे जमली नाहीत, कारण घरात आणि कचेरीत जे सोंग बारा महिने वठवावे लागते, तेच पुन्हा रस्त्यावर वठवायला कोणी कशासाठी येईल?

विदा_दाखवा

वरचा प्रतिसाद वाचनीय आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. 1969 च्या सुमारास अमेरिकेत युद्धविरोधी, कृष्णवर्णीयांची आणि स्त्रियांची अशा सगळ्याच चळवळींना भरती आलेली होती, तेव्हा गर्दी वाढण्याचे श्रेय पोशाखाची अट काढण्याला देता येणार नाही.

दुसरे असे, की प्रत्यक्ष मते मिळवायची वेळ आली तेव्हा याच चळवळीने जरीचे कपडे कपाटात ठेवले होते. नोव्हेंबर 2008 मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी घालणारा प्रस्ताव सुमारे 52 टक्के मतांनी मंजूर झाला. या पराभवातून धडा घेऊन पुढच्या प्रचाराचा सूर बदलण्यात आला: हक्कांच्या भाषेऐवजी प्रेम आणि आयुष्यभराची साथ यांवर भर देण्यात आला, आणि जाहिरातींत म्हातारे आईवडील, शेजारी, धर्मगुरू बोलू लागले. 2012 मध्ये मेन, मेरीलँड आणि वॉशिंग्टन या तिन्ही राज्यांत मतदारांनी विवाहाच्या बाजूने कौल दिला. 2015 च्या ज्या खटल्याने देशभर मान्यता मिळाली, त्यातल्या जिम ओबरगफेल यांची मागणी तर एवढीच होती, की दिवंगत जोडीदाराच्या मृत्यूच्या दाखल्यावर पती म्हणून आपले नाव लागावे. वैशालीताईंच्या वडिलांना हे प्रकरण सांगितले तर समजेल. पिसांचे मुकुट समजणार नाहीत.

पदयात्रांच्या परिणामाबद्दल एक चांगला अभ्यासही उपलब्ध आहे. बोस्नियाची राजधानी सारायेव्हो इथे सप्टेंबर 2019 मध्ये पोलिसांच्या कडेकोट बंदोबस्तात पहिली प्राइड निघाली. तिच्या आधी आणि नंतर संशोधकांनी लोकांची मते तपासली, तेव्हा शहरातला पाठिंबा वाढलेला दिसला, पण तो परिणाम शहराबाहेर फारसा पसरला नव्हता. जवळून पाहणारा आणि लांबून ऐकणारा यांच्यात हा फरक पडतो. सातारा मुंबईपासून लांब आहे.

रस्त्यावरची

मी मुंबईच्या पदयात्रेत बरीच वर्षे स्वयंसेवक म्हणून काम केले आहे, त्यामुळे "भडक" म्हणजे नेमके काय, इथून सुरुवात करते.

ऑगस्ट क्रांती मैदानातून पहिली पदयात्रा 16 ऑगस्ट 2008 ला निघाली, तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 अस्तित्वात होते. सुरुवातीच्या त्या वर्षांत पुष्कळ जण मुखवटे घालून येत. मला आठवणारे एक गृहस्थ मोरपिसे लावलेला, टिकल्यांनी मढवलेला मुखवटा घालून आले होते, आणि त्याखाली होता इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन आणि पट्ट्याला लटकवलेली किल्ल्यांची जुडी. शनिवारची अर्ध्या दिवसाची बँक आटोपून ते थेट आले होते. एका छायाचित्रकाराने त्यांना "जरा नाचा ना" असे म्हटले. ते बिचारे अवघडून दोन पावले नाचले. तो फोटो छापून आला असेल तर वाचणाऱ्याला त्यात फक्त भपका दिसला असेल. ती पिसे मिरवण्यासाठी नव्हती, नोकरी आणि घर वाचवण्यासाठी होती.

आजही चालणाऱ्यांपैकी बहुतेक जण जीन्स आणि टी-शर्टमध्येच असतात. पाच-सात जण खरोखर नटूनथटून येतात आणि सगळे कॅमेरे त्यांच्याभोवती गराडा घालतात. वैशालीताईंनी उघड्या अंगांचा उल्लेख केला आहे. तसे फोटो फिरतात हे खरे, पण त्यातले कितीतरी परदेशातल्या पदयात्रांचे असतात आणि आपल्याकडच्या बातमीला चिकटवून पुढे ढकलले जातात. आपल्याकडे नटणे म्हणजे बहुतांशी साडी, गजरा आणि नथ, आणि ज्या महाराष्ट्राने बालगंधर्वांच्या शालूंची नक्कल घराघरांत केली त्याने पुरुषाच्या अंगावरच्या साडीने एवढे दचकावे, याची मला गंमत वाटते.

आता मूळ मुद्दा. सभ्य राहिले तर समाज वाट्याला जात नाही, या समजुतीला काय आधार आहे? अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस कोणत्याही मिरवणुकीत नाचत नव्हते. चौसष्ट वर्षांचे, एकटे राहणारे, कविता लिहिणारे गृहस्थ होते ते. फेब्रुवारी 2010 मध्ये काही लोक कॅमेरे घेऊन त्यांच्या घरात घुसले, एका पुरुषासोबत असताना त्यांचे चित्रीकरण केले, आणि विद्यापीठाने निलंबित केले ते घुसखोरांना नव्हे, सरांना. दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून वगळले, त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि आठवडाभरातच, 7 एप्रिलला, ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले. अदबीने, गुपचूप, स्वतःच्या दाराआड जगणे याहून अधिक काय असते?

शिवाय न दिसण्याचीही किंमत मोजावी लागते. 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 पुन्हा लागू केले, तेव्हा दिलेल्या कारणांत हे लोक लोकसंख्येचा अत्यल्प अंश आहेत आणि दीडशेहून अधिक वर्षांत दोनशेहूनही कमी जणांवर खटले चालले, हे एक कारण होते. शरमेने आणि भीतीने लपून राहिलेल्यांची संख्या कमी भरली, आणि ती कमी भरली म्हणून त्यांचे हक्क महत्त्वाचे ठरले नाहीत. उलट त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल 2014 मध्ये, त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने तृतीयपंथीयांची ओळख आणि त्यांचे मूलभूत हक्क मान्य केले. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या प्रकरणात स्वतः न्यायालयासमोर उभ्या राहिल्या होत्या. ज्यांना लपणे कधी शक्यच नव्हते, टाळी वाजवत सिग्नलवर उभे राहण्याखेरीज ज्यांना समाजाने फारसे काही ठेवले नव्हते, त्यांना घटनात्मक मान्यता आधी मिळाली. त्या निकालाची अंमलबजावणी कशी झाली, हा वेगळा आणि संताप आणणारा विषय आहे.

म्हणून पदयात्रेत कपड्यांची अट घालायची चर्चा निघाली, की मी पहिल्यांदा हेच विचारते, की वगळले जाणार कोण? बँकेतले ते गृहस्थ मुखवटा काढून ठेवतील आणि सभ्य ठरतील. बायकी चालीच्या मुलाला आणि हिजड्यांना ती सोय नाही. न्यूयॉर्कमध्ये 1973 च्या प्राइडनंतरच्या सभेत तुरुंगातल्या साथीदारांविषयी बोलायला उभ्या राहिलेल्या ट्रान्सजेंडर कार्यकर्त्या सिल्व्हिया रिव्हेरा यांची समलिंगी श्रोत्यांनीच हुर्यो उडवली होती. पहिला मोर्चा निघून तेव्हा तीनच वर्षे झाली होती.

विदा_दाखवा

सिरस सरांचे उदाहरण मान्य आहे, पण सभ्यतेने संरक्षण मिळाले नाही एवढेच त्यातून सिद्ध होते. भडकपणाने मिळते, असे नाही. आणि 2014 चा निकाल पदयात्रेमुळे आला असेही आपल्याला म्हणायचे नसावे. कलम 377 विरुद्ध 2018 मध्ये जिंकलेल्या याचिकाकर्त्यांत नर्तक, पत्रकार, हॉटेल व्यावसायिक, आयआयटीचे विद्यार्थी होते, आणि ती निवड प्रतिष्ठा पाहून झालेली नव्हती असे कोणी म्हणू नये.

रस्त्यावरची

निवड तशीच झाली आणि योग्यच झाली. वकिलाने उत्तम पक्षकार निवडावा. पदयात्रेने निवड करू नये, कारण तिथे खटला चाललेला नसतो. पदयात्रा निघते ती मुख्यतः फुटपाथवरून पाहणाऱ्या त्या एखाद्या मुलासाठी, ज्याला आपल्यासारखे आणखी कोणी आहे हे माहीत नसते. बाकीच्यांचे मत बदलले तर उत्तम, पण त्या दुपारच्या यशाचे मोजमाप त्यावरून करणे मला पटत नाही.

वैशाली_सातारा

सर्वांचे आभार. मुंबईच्या फोटोंविषयीचा खुलासा मला उपयोगी पडेल. तरीही 2023 च्या निकालानंतर वडिलांच्या पिढीची समजूत घालायची कोणी, हा माझा अर्धा प्रश्न शिल्लक आहे.

रस्त्यावरची

ते काम पदयात्रेवर टाकू नका. त्यासाठी त्यांच्याच वयाची माणसे लागतात आणि ती आहेत. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर मुलांच्या पालकांचा 'स्वीकार' नावाचा गट मुंबईत 2017 पासून काम करतो. विवाहाच्या याचिकांची सुनावणी सुरू असताना, एप्रिल 2023 मध्ये, चारशेहून अधिक पालकांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून कळवले, की आमच्यापैकी काही जण ऐंशीला टेकले आहेत आणि मुलांच्या लग्नावर कायद्याची मोहोर उमटलेली आम्हाला हयातीत पाहायची आहे. ते पत्र वडिलांना वाचून दाखवा. त्यांना कोणाशी बोलावेसे वाटले तर आधी फोनवर बोलणे करून द्या. थेट बैठकीला नेलेत तर ते ताठ बसून राहतील आणि घरी येऊन तुमच्यावर चिडतील. बहुतेक आजोबा तसेच करतात.