‘अवतार घेतला’, ‘देह धारण केला’ की ‘देही झाला’?

पूर्वभागकर
येथील एका चर्चच्या नाताळ अंकासाठी मी एका इंग्रजी प्रवचनाचे भाषांतर करीत आहे. देव माणूस झाला, या ख्रिस्ती श्रद्धेला इंग्रजीत एकच नाम आहे, ‘इन्कार्नेशन’. त्यासाठी मी ‘ख्रिस्तावतार’ असे लिहिले होते. अंक तपासणाऱ्या काकांनी ते खोडून ‘देहधारण’ केले आणि समासात लिहिले, ‘अवतार दहा असतात, हा एकच आहे.’ त्यांचा आक्षेप मला समजतो, परंतु ‘देहधारण’ वाचताना कोणी खांद्यावर शाल घ्यावी तसा देवाने देह घेतला असे वाटते. मराठी बायबलात योहानाच्या शुभवर्तमानात (१:१४) ‘शब्द देही झाला’ (शब्द म्हणजे येथे ख्रिस्त) असे आहे आणि ते मला अधिक पटते, पण त्याचे नाम कसे करावे? ‘देहीभवन’ लिहिले तर लोक ती सिद्धेश्वर पेठेतली एखादी इमारत समजतील.

कडकभाकरी
काकांना सांगा की भागवत दहावर थांबत नाही, ते अवतार असंख्य असल्याचे सांगते. दुसरे असे की आमच्या घरी कन्नड बोलली जाते आणि जुन्या कन्नड बायबलात याच वचनात ‘नरावतार एत्ति’, म्हणजे नरावतार घेऊन, असे सरळ छापलेले आहे. कन्नड ख्रिस्ती माणसाची श्रद्धा त्यामुळे पातळ झाल्याचे मी तरी पाहिलेले नाही. मग मराठीनेच एवढे सोवळे का पाळावे?

उलटा अनुस्वार
प्रश्न सोवळ्याचा नाही, अर्थाचा आहे. ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘तॄ’ म्हणजे पार होणे. अवतार म्हणजे उतरणे. उतरलेला परत चढतो, म्हणूनच मराठीत ‘अवतारकार्य आटोपले’, ‘अवतार संपवला’ असे आपण सहज म्हणतो. ख्रिस्ती शिकवणीत हे मनुष्यपण संपत नाही: येशू मेला, उठला आणि त्याच देहासह स्वर्गात गेला, असे ते मानतात. शिवाय अवताराला जन्म लागतोच असे नाही, नृसिंह खांबातून प्रकटला. येथे मरीयेच्या उदरातील नऊ महिने वगळून चालत नाही. २५ मार्चला देवदूताच्या निरोपाचा सण आणि २५ डिसेंबरला नाताळ, हे अंतर त्यासाठीच ठेवलेले आहे.

कडकभाकरी
नृसिंहच का निवडला? राम कौसल्येच्या पोटी जन्मला आणि कृष्ण जरा नावाच्या व्याधाच्या बाणाने गेला. सोयीचा अवतार घेऊन वाद जिंकता येत नाही. आमच्या घरी आजोबा बसवण्णांना नंदीचा अवतार मानत आणि वडील ते साफ नाकारत. ‘अवतार’ या शब्दाची व्याप्ती एका घरातसुद्धा एक नसते, हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

मंगळवारपेठ
दोघांचीही क्षमा मागून एक अवांतर. आमची आई आम्ही खेळून आलो की ‘काय अवतार करून आलाय’ म्हणायची. मुखपृष्ठावर ‘ख्रिस्ताचा अवतार’ हे शब्द ठळक छापले, तर गव्हाणीच्या चित्राकडे पाहून काही जणांना तेच आठवेल.

जुना वाचक
अवांतर असले तरी ते सोडून देण्यासारखे नाही, कारण शब्द ज्या तोंडात राहतात तेथील चव घेऊन येतात. मात्र ‘देहधारण’ या शब्दात याहून मोठी अडचण आहे. चौथ्या शतकात लावदिकीयाचा बिशप अपोलिनारिस असे मांडत होता की ख्रिस्ताचा देह माणसाचा होता, परंतु मानवी बुद्धीच्या जागी दैवी शब्दच होता. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपांच्या परिषदेने हे मत त्याज्य ठरवले. त्याच काळातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरी या धर्मपंडिताचा त्यावरचा युक्तिवाद असा की जे त्याने स्वतःवर घेतलेच नाही, ते बरेही झालेले नाही. मन माणसाचे नसेल तर मनाचे तारण कसले? आता ‘देहधारण’ पाहा. त्यात देह आहे, मन नाही. काकांनी अवतार टाळण्याच्या नादात अपोलिनारिसाला मागच्या दाराने आत घेतले आहे. ३२५ च्या नायसियाच्या मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत घोषणेत, ग्रीकमध्ये दोन क्रियापदे लागोपाठ येतात, एक ‘देही झाला’ या अर्थाचे आणि दुसरे ‘मानव झाला’ या अर्थाचे. एका नामात दोन्ही बसवण्याचा हट्ट सोडून ‘देवाचे मानव होणे’ असे लिहावे.

पूर्वभागकर
‘मानव होणे’ अर्थाला बरोबर आहे, पण ‘देवाच्या मानव होण्याच्या सिद्धांताच्या इतिहासाच्या संदर्भात’ असे एक वाक्य लिहून पाहा म्हणजे माझी अडचण कळेल. तेलुगू बायबल या ठिकाणी ‘शरीरधारियै’ म्हणते, म्हणजे आमच्या भागातील तेलुगू भाषकांना ‘धारण’ खटकत नाही.

उलटा अनुस्वार
खटकत नाही म्हणून बरोबर, हा न्याय मला मान्य नाही. मूळ ग्रीक शब्द ‘सार्क्स’ हा मांसासाठी आहे; योहानाने शरीर या अर्थाचा सभ्य शब्द हाताशी असूनही तो घेतला नाही. त्याला तो ओबडधोबडपणा हवा होता. मराठीत तो ‘हाडामांसाचा माणूस’ या प्रयोगात शिल्लक आहे.

कडकभाकरी
म्हणजे ‘शब्द हाडामांसाचा झाला’? आता शुद्धतावादी कोण आणि बोलीवाला कोण, हेच मला कळेनासे झाले आहे. वाक्य मात्र चांगले आहे.

मंगळवारपेठ
त्याच वचनात पुढे ‘आमच्यामध्ये वस्ती केली’ असे आहे. आमच्याकडे रात्री गावात मुक्कामाला येऊन पहाटे परत जाणाऱ्या एसटीला वस्तीची गाडी म्हणतात आणि शेतातल्या कायमच्या घरांनाही वस्तीच म्हणतात. येथे कोणता अर्थ घ्यायचा?

जुना वाचक
ग्रीक क्रियापद तंबू ठोकण्याचे आहे आणि त्यामागे इस्राएल लोकांबरोबर अरण्यात फिरणारा निवासमंडप, म्हणजे देवाचा तंबू, आहे. म्हणून मला आपली एसटीच जवळची वाटते.

उलटा अनुस्वार
मुळीच नाही, एसटी पहाटे परत जाते. मग पुन्हा अवतारच झाला.

कडकभाकरी
आणि ‘देही’ हे विशेषण आहे की सप्तमी, ते कोणी सांगितलेच नाही. ‘याचि देही याचि डोळा’ मध्ये देही म्हणजे देहात. गीतेत देही म्हणजे देहात राहणारा आत्मा, जो जीर्ण वस्त्रासारखा देह टाकून दुसरा घेतो. हा अर्थ घेतला तर ‘शब्द देही झाला’ मध्येही तीच शाल आली.

उलटा अनुस्वार
ते विशेषणच आहे, आणि ‘झाला’ या क्रियापदापुढे गीतेतला अर्थ टिकत नाही. गीतेतला देही देही ‘होत’ नाही, तो असतोच.

जुना वाचक
गीतेत ‘संभवामि’ही आहे, आणि त्याचा अर्थ ‘जन्म घेतो’ असाच करतात. ‘होणे’ ही एकट्या योहानाची मिरास नव्हे.

पूर्वभागकर
अंक शुक्रवारी छपाईला जाणार आहे. मला अजून नाम हवे आहे.