ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर घेतलेला खेळाडू फसतो, तेव्हा चुकते नेमके कोणाचे?

मुळाकाठचा

गेली काही वर्षे मी पुण्यात बसून अमेरिकन फुटबॉल, म्हणजे एनएफएल, नियमाने पाहतो आहे. रविवारी रात्री साडेदहाला सुरू होणारा सामना संपेपर्यंत दीड-दोन वाजतात आणि सोमवारी कार्यालयात डोळे चोळत बसावे लागते, परंतु तो विषय निराळा. खेळ आता बऱ्यापैकी समजतो. ड्राफ्टमधील एक गोष्ट मात्र अजून नीटशी उलगडलेली नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

महाविद्यालयीन खेळाडूंची निवड ड्राफ्टमध्ये होते, सात फेऱ्या असतात आणि मागील हंगामात सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला सर्वप्रथम निवडीचा हक्क मिळतो, इथवर मला ठाऊक आहे. पहिल्या दोन-तीन क्रमांकांवर घेतलेले, पण पुढे पूर्णपणे निराशा करणारे खेळाडू हा तिकडच्या चाहत्यांचा आवडता विषय दिसतो. अशा ज्या याद्या वाचायला मिळतात, त्यांत रायन लीफ आणि जमार्कस रसेल ही नावे अग्रभागी असतातच. मात्र त्यांच्याच पंक्तीला डेव्हिड कार, चार्ल्स रॉजर्स, टोनी मँडरिच, ट्रे लान्स अशी मंडळीही बसवलेली असतात. या सर्वांना ‘बस्ट’ (फसलेला) हा एकच शिक्का मारणे योग्य आहे काय? आणि खेळाडूची धाव, उडी, ताकद, स्वभाव असे सारे तपासण्यासाठी माणसे नेमलेली असूनही संघ इतक्या ठळकपणे का चुकतात? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

सॅनडिएगोतला_जुना

मी 1996 ते 2004 या काळात सॅन डिएगोत राहत होतो, त्यामुळे लीफ प्रकरण जवळून पाहिले आहे. केवळ आकडे पाहून ते पुरते कळत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

1998 च्या ड्राफ्टआधी दोन क्वार्टरबॅकांपैकी (पास फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू), पुढे महान ठरलेला पेटन मॅनिंग श्रेष्ठ की रायन लीफ, यावर खरोखरच वाद चालू होता. मागाहून रचलेली ती दंतकथा नव्हे. इंडियानापोलिस कोल्ट्सकडे पहिला क्रमांक होता आणि आमच्या सॅन डिएगो चार्जर्सकडे तिसरा. दोघांपैकी एक तरी हाती लागावा म्हणून चार्जर्सने ॲरिझोना कार्डिनल्सशी सौदा करून दुसरा क्रमांक मिळवला, आणि त्यासाठी आपला तिसरा क्रमांक, त्याच वर्षीची दुसऱ्या फेरीतील निवड, पुढील वर्षीची पहिल्या फेरीतील निवड व दोन खेळाडू एवढे मोल मोजले. केवळ एक पायरी वर चढण्यासाठी! कोल्ट्सनी मॅनिंगला घेतले आणि लीफ आमच्याकडे आला.

पहिले दोन सामने आम्ही जिंकलो. तिसरा कॅन्सस सिटीला होता. त्या पावसाळी दिवशी लीफने 15 पास फेकले, त्यांतला एक पूर्ण झाला आणि एकूण 4 यार्ड मिळाले. दुसऱ्या दिवशी लॉकर रूममध्ये तो एका वार्ताहराच्या अंगावर ओरडला आणि ते दृश्य देशभरातील दूरचित्रवाणीवर दाखवले गेले. हंगामाअखेर त्याच्या नावावर 2 टचडाउन (चेंडू अंतिम रेषेपार पोचवून मिळणारे गुण) आणि 15 इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याने झेललेले पास) होती. पुढचा हंगाम खांद्याच्या दुखापतीत गेला. 2000 साली संघाने 16 पैकी 15 सामने गमावले आणि त्यानंतर त्याला सोडून देण्यात आले. पुढे त्याच्या आयुष्यात व्यसन आणि तुरुंगवासही आला. अलीकडे तो व्यसनमुक्तीविषयी जाहीरपणे बोलतो.

आता दुसरी बाजू. त्याच 1998 च्या हंगामात मॅनिंगने 28 इंटरसेप्शन दिली, म्हणजे लीफच्या जवळजवळ दुप्पट, आणि कोल्ट्सनी 16 पैकी 13 सामने गमावले. तरीही त्याला एकाही सामन्यातून बाहेर बसवले गेले नाही. झेल घ्यायला मार्व्हिन हॅरिसन होता, आणि आक्रमणाची आखणी करणारे टॉम मूर त्या वर्षी जे आले ते दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिले. आमच्याकडे काय घडले? मुख्य प्रशिक्षक केव्हिन गिलब्राइड यांना सहा सामन्यांनंतर काढले, त्यांच्या जागी आलेले जून जोन्स हंगाम संपताच हवाईला निघून गेले आणि 1999 साठी माइक रायली आले. बाविशीतल्या पोराला दोन वर्षांत तीन गुरू! लीफचा स्वभाव उर्मट होता आणि मेहनतीत तो कमी पडला, हे मला मान्यच आहे. तथापि तो इंडियानापोलिसला गेला असता तर इतका रसातळाला गेला असता, असे मला वाटत नाही.

जाता जाता: त्या 1-15 च्या दुर्दशेमुळे 2001 साली पहिला क्रमांक आमच्याकडे आला. तो अटलांटाला देऊन आम्ही पाचव्या क्रमांकावर लाडेनियन टॉमलिन्सनला आणि दुसऱ्या फेरीच्या आरंभी ड्रू ब्रीसला घेतले. म्हणजे जी चूक एवढी महाग पडली, तिच्यातूनच नवा संघ उभा राहिला.

आकडेमोड

मूळ प्रश्नातील ‘संघ का चुकतात’ या भागापुरते लिहितो.

पहिला क्रमांक मिळतो तोच मुळी सर्वांत दुबळ्या संघाला. आयपीएलच्या लिलावात गाठीशी पैसे असतील तर विजेता संघही हव्या त्या खेळाडूवर बोली लावू शकतो. ड्राफ्टमध्ये मात्र सर्वोत्तम गणला गेलेला तरुण नेमका तिथेच पाठवला जातो, जिथे व्यवस्थापन बिनसलेले आहे आणि सहकारी कच्चे आहेत. डेव्हिड कार हे याचे सर्वांत ढळढळीत उदाहरण होय. ह्यूस्टन टेक्सन्स हा संघच 2002 साली नव्याने जन्माला आला आणि क्वार्टरबॅक असलेल्या कारला त्यांनी पहिल्या क्रमांकावर घेतले. त्याच्या संरक्षणासाठी इतर संघांच्या खेळाडूंतून टोनी बोसेली या नामवंत टॅकलला निवडले होते, पण खांद्याच्या दुखण्यामुळे तो टेक्सन्ससाठी एकही सामना खेळू शकला नाही. परिणामी त्या एका हंगामात कार 76 वेळा सॅक झाला. चेंडू हातात असतानाच 76 वेळा जमिनीवर आपटला गेला; हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. अशा माणसाला ‘फसलेला’ म्हणण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा.

दुसरे कारण संघांच्या फाजील आत्मविश्वासात आहे. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच थेलर 2017 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे) यांनी ड्राफ्टचा अभ्यास करून असे दाखवले की, एकाच जागेवर खेळणाऱ्या दोघांपैकी आधी निवडलेला खेळाडू त्याच्यानंतर लगेच निवडल्या गेलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता जेमतेम 52 टक्के असते. नाणेफेकीपेक्षा किंचित बरी. असे असताना एकेक पायरी वर चढण्यासाठी संघ पुढच्या वर्षांच्या निवडी उधळतात. 1990 च्या सुमारास डॅलस काउबॉइजनी सौद्यांसाठी प्रत्येक क्रमांकाचे गुण ठरवणारा तक्ता केला, त्यात पहिल्या क्रमांकाला 3000 आणि दुसऱ्याला 2600 गुण होते. दोघांतला फरक जर नाणेफेकीइतकाच असेल, तर हे 400 गुण कशाचे, हा प्रश्न उरतोच.

तिसरी बाब पैशाची. 2010 साली पहिल्या क्रमांकावर आलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचा 7 कोटी 80 लाख डॉलरचा करार मिळाला आणि त्यातले 5 कोटी हमखास मिळणारे होते. 2011 च्या नव्या करारनाम्याने नवख्यांच्या वेतनाला मर्यादा घातली आणि त्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे 2 कोटी 20 लाखच मिळाले. म्हणून 2011 पूर्वीचा फसलेला खेळाडू आणि नंतरचा, यांना एका तराजूत घालू नये. आधीचा संघाची तिजोरी वर्षानुवर्षे अडवून ठेवत असे. नंतरच्याला निरोप देणे तुलनेने स्वस्त असते.

डेट्रॉइटकर

चार्ल्स रॉजर्सचे नाव अशा यादीत दिसले की मला वाईट वाटते. तो इथलाच, मिशिगनमधील सॅगिनॉ गावचा. मिशिगन स्टेट विद्यापीठात गाजला आणि 2003 साली डेट्रॉइट लायन्सनी त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले. पहिल्या पाच सामन्यांत 22 झेल आणि 3 टचडाउन, म्हणजे सुरुवात उत्तमच होती. मग सरावात गळपट्टीचे हाड मोडले. पुढील वर्षी पहिल्याच सामन्यात तेच हाड पुन्हा मोडले. त्यापुढची घसरण, वेदनाशामक औषधे, अमली पदार्थांच्या नियमाखाली झालेली बंदी, सगळे त्या दोन दुखापतींनंतरचे आहे. तो एकूण 15 सामने खेळला. 2019 मध्ये वयाच्या 38 व्या वर्षी वारला. त्याच्यानंतर लगेच तिसऱ्या क्रमांकावर गेलेला आंद्रे जॉन्सन महान खेळाडू ठरला, हे खरे. पण हाड कोणाचे मोडेल हे कोणता निवडकर्ता सांगणार?

दोष द्यायचाच तर लायन्सच्या व्यवस्थापनाला द्या. 2003, 2004 आणि 2005 अशी लागोपाठ तीन वर्षे त्यांनी पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) घेतला. तिसऱ्या वर्षी दहाव्या क्रमांकावर माइक विल्यम्सला घेतले आणि अकराव्यावर डॅलसने डिमार्कस वेअरला नेले, जो आज हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मानदालनात) आहे. 2008 साली आमचा संघ 16 पैकी 16 सामने हरला. तो हंगाम मी मैदानात जाऊन पाहिला आहे. अधिक काही विचारू नये.

निवृत्त_पंच

वरील तिन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु लंबक आता दुसऱ्या टोकाला गेल्यासारखा वाटतो. सारा दोष संघाचा आणि दैवाचा मानला, तर खेळाडूकडे काही उरतच नाही.

रसेलचे उदाहरण घ्या. 2007 साली ओकलंड रेडर्सनी त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले. कराराची घासाघीस इतकी लांबली की सह्या झाल्या तेव्हा हंगाम सुरू होऊन गेला होता. हातात जबरदस्त ताकद होती, मात्र वजन आटोक्यात राहिले नाही आणि अभ्यासाची शिस्त नव्हती, हे आरोप त्याच्यावर सतत झाले. 25 सामन्यांत तो सुरुवातीपासून क्वार्टरबॅक म्हणून उतरला, त्यांतले 7 जिंकले. 2009 मध्ये 3 टचडाउन आणि 11 इंटरसेप्शन. 2010 च्या मे महिन्यात संघाने त्याला सोडले आणि त्यानंतर तो एनएफएलमध्ये कधीच खेळला नाही. रेडर्सचा कारभार विस्कळीत होता हे मान्य केले, तरी चोविसाव्या वर्षी मोकळ्या झालेल्या, इतका बळकट हात असलेल्या क्वार्टरबॅकला उरलेल्या 31 संघांपैकी एकानेही खेळवू नये, यात त्याचाही वाटा असणारच.

मँडरिचचे तर आणखी वेगळे. 1989 च्या पहिल्या पाच निवडींपैकी चौघे, ट्रॉय एकमन, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डिऑन सँडर्स, हॉल ऑफ फेममध्ये गेले. उरलेला एक म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा मँडरिच, ज्याला ग्रीन बे पॅकर्सनी बॅरी सँडर्सला सोडून घेतले. महाविद्यालयात असताना आपण स्टेरॉइड घेत होतो, याची कबुली त्याने 2008 साली दिली. म्हणजे निवडकर्त्यांनी जे शरीर पाहिले, ते त्याचे खरे शरीरच नव्हते. पुढे व्यसनातून बाहेर पडून तो 1996 पासून कोल्ट्सकडून तीन हंगाम खेळला, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

मुळाकाठचा

सर्वांचे आभार. आता असे वाटते की दुखापत, संघाची दुरवस्था आणि खेळाडूचा स्वतःचा कमकुवतपणा हे तीन प्रकार निदान वेगळे ठेवावेत. पण मग ट्रे लान्स कशात बसतो? तो जखमीही झाला आणि त्याचा संघ तर चांगलाच होता.

आकडेमोड

लान्स तुमच्या तिन्ही खणांत नीट बसत नाही, कारण तिथे चूक झाली ती घाईची. 2020 मध्ये महामारीमुळे त्याच्या विद्यापीठाने शरद ऋतूत एकच सामना खेळला होता, म्हणजे वर्षभर त्याला कोणी खेळताना धड पाहिलेही नव्हते. तरीही सॅन फ्रान्सिस्कोने 2021 साली बाराव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर येण्यासाठी मायामीला पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतील निवडी आणि वर तिसऱ्या फेरीची एक निवड दिली. आपल्याकडे याला उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. त्या संघासाठी तो चार सामन्यांत सुरुवातीपासून क्वार्टरबॅक म्हणून उतरला, 2022 मध्ये दुसऱ्याच सामन्यात घोटा मोडला आणि 2023 च्या ऑगस्टमध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या मोबदल्यात तो डॅलसला गेला. दरम्यान त्याच संघाने 2022 च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, म्हणजे 262 व्या क्रमांकावर घेतलेला क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी त्यांना सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला.

सॅनडिएगोतला_जुना

पंचांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. उरलेल्या संघांनी संधी दिली नाही म्हणून खेळाडूच कमकुवत, हा निकष नेहमी चालत नाही, कारण कधीकधी ती संधी फार उशिरा येते. सॅम डार्नोल्डला जेट्सनी 2018 साली तिसऱ्या क्रमांकावर घेतले आणि तीन वर्षांत काढून टाकले. कॅरोलायनातही जमले नाही, सॅन फ्रान्सिस्कोत तो राखीव बसला. 2024 साली मिनेसोटाने खेळवले, तेव्हा त्याच माणसाने 17 पैकी 14 सामने जिंकून दिले. त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर आलेला बेकर मेफील्डही क्लीव्हलँडने सोडल्यावर टँपा बेमध्ये जाऊन सावरला. डार्नोल्डवर 2020 साली कोणी धागा काढला असता, तर माझ्यासकट सर्वांनी त्याला लीफच्या शेजारीच बसवले असते.