घरातल्या रुग्णाचे करताना तुम्हाला कोणाचा हात मिळाला? : पुणे जिल्ह्यातील अनुभव

पुण्यात नोकरी करून शनिवार-रविवार गावी जाणारे आमच्यासारखे पुष्कळ आहेत, आणि गावात राहून सासूसासऱ्यांचे, नवऱ्याचे किंवा दिव्यांग मुलाचे सारे करणाऱ्या बायका त्याहून अधिक आहेत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातल्यांची काळजी घेणाऱ्या स्त्रियांची रोजची सरासरी १३४ मिनिटे आणि पुरुषांची ७६ मिनिटे या कामी जातात. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर हा आकडा किती तोकडा आहे, हे करणाऱ्यालाच कळते. रुग्णाला काय मिळाले हे सगळेच विचारतात. येथे करणाऱ्याला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, ते लिहावे ही विनंती.

वेल्ह्याहून, एक सून

सासूबाईंच्या कर्करोगावर आता उपचार उरलेला नाही असे सांगून शहरातल्या एका रुग्णालयाने आम्हाला घरी पाठवले, तेव्हा हातात गोळ्यांची चिठ्ठी होती, पण रात्री कळा वाढल्या तर काय करायचे हे कोणी सांगितले नव्हते. पुढे पुण्यातल्या वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटरची, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी वेदना व त्रास कमी करणाऱ्या केंद्राची, माहिती मिळाली. १९९७ पासून चालणाऱ्या या केंद्रात पैसे घेत नाहीत आणि रुग्णासोबत घरच्या माणसालाही राहता येते. तेथल्या सिस्टरांनी सगळे माझ्याच हातून करून घेतले: चादर दुमडून सासूबाईंच्या पाठीखाली सरकवायची आणि ती ओढून एकटीने कूस बदलायची, पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवायच्या, तोंड आतून ओल्या फडक्याने पुसायचे. मॉर्फीनची गोळी दुखायची वाट न पाहता ठरल्या वेळी द्यायची असते, हेही तेथेच समजले. तोवर सवय लागेल या भीतीने मी ती शक्य तितकी लांबवत होते आणि त्या रात्री त्यांनी माझ्यामुळे सोसल्या, याचे मला आजही फार वाईट वाटते. घरी आल्यावर त्या अडीच महिने होत्या. शेवटपर्यंत पाठीला एकही जखम झाली नाही.

जुन्नर तालुक्यातून, वडील

मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहण्याचा विकार, आहे. दिव्यांगांसाठीच्या निरामय या सरकारी आरोग्य विम्यातून वर्षाला एक लाखापर्यंतच्या उपचारांची, त्यात फिजिओथेरपीचीही, सोय होते. मात्र आधी खिशातून खर्च करावा लागतो आणि एकेक पावती जपावी लागते. दिव्यांगत्व ६५ टक्क्यांच्या वर असल्याने एसटीत त्याच्यासोबत मलाही अर्धे तिकीट पडते, आणि नारायणगावहून पुण्याला वरचेवर जाणाऱ्याला त्याचे मोल ठाऊक असते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, पण आमच्या घरी तो अद्याप आलेला नाही. मुलगा आता १४ वर्षांचा आहे आणि त्याला उचलून उचलून माझ्या पत्नीची कंबर कामातून गेली आहे. त्या कंबरेसाठी कोठे अर्ज करावा, हे मला कोणी सांगू शकलेले नाही.

दौंडहून, मुलगा

वडिलांना पक्षाघात झाल्यावर संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १५०० रुपये सुरू झाले. पैसे कमी पडतातच, पण उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चार खेपा घालताना वडिलांपाशी कोणाला बसवायचे, हा प्रश्न मला जास्त जड गेला.

पुरंदर तालुक्यातून, बहीण

भावाला स्किझोफ्रेनिया हा गंभीर मानसिक आजार आहे. गावात हा शब्द कोणी उच्चारत नाही. बाहेरचे काहीतरी आहे असे म्हणतात आणि आमच्या घरी येणे टाळतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मी पहिल्यांदा फोन केला तो त्याच्या गोळ्यांविषयी विचारायला, आणि पलीकडच्या ताईंनी ‘तुम्ही स्वतः झोपता का?’ असे विचारल्यावर मला बोलताच येईना. फोन विनामूल्य आहे, कोणत्याही वेळी लागतो आणि मराठीत बोलता येते. धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये घरच्यांसाठीही स्वमदत गट आहे हे नंतर कळले. तेथे भावाने जेवणाचे ताट भिरकावल्याचे मी सांगितले तेव्हा कोणी दचकले नाही, कारण समोरच्या प्रत्येकाच्या घरी तसे काहीतरी घडून गेले होते.

शिरूर तालुक्यातून, पत्नी

आमच्याकडे असे केंद्र नाही, संस्था नाही. आशाताई येतात, रक्तदाब पाहायची सोय उपकेंद्रात होते, आणि त्यांच्याच सांगण्यावरून आमच्या बचत गटातल्या तिघी आठवड्यातून एकदा आळीपाळीने यजमानांपाशी दोन तास बसू लागल्या. नळीने पाणी कसे द्यायचे हे त्यांना ठाऊक नाही, म्हणून मी सगळे आवरूनच निघते. पहिल्या मंगळवारी मी कोठेच गेले नाही. मागच्या खोलीत दार लोटून झोपले. दुसऱ्या मंगळवारी बँकेत गेले. या मंगळवारी दोन वर्षांपासून दुखणारी दाढ दाखवायला शिरूरला जाणार आहे.